स्टोव्हच्या आधी धुराडं

ब्रिटनमध्ये सव्वाशे-दीडशे वर्षांचं जुनं घर विकत घेतलेल्या माणसाला पहिल्याच हिवाळ्यात एक इच्छा होते. बैठकीच्या खोलीत विटांचा एक भाग भिंतीतून पुढे आलेला असतो. पूर्वी तिथे उघडी शेकोटी असायची, आता फळी ठोकून वर टीव्ही टांगलेला असतो. तिथे लाकडाचा स्टोव्ह बसवला तर? स्टोव्ह म्हणजे आपला रॉकेलचा नव्हे. ओतीव लोखंडाची किंवा जाड पोलादी पत्र्याची पेटी, समोर काचेचं दार, आत जळणारे ओंडके आणि वरून निघणारा धुराचा नळ. पुण्या-मुंबईहून तिकडे स्थायिक झालेल्यांनाही ही भुरळ पडते. दुकानात स्टोव्हचा रंग, पायांची घडण, काचेचा आकार यावर तासभर चर्चा होते आणि धुराड्याचा विषय निघतो तो पैसे भरताना. हा क्रम उलटा आहे. स्टोव्ह ही नुसती जाळायची पेटी. तिच्यात हवा ओढणं आणि धूर बाहेर काढणं ही दोन्ही कामं धुराड्याची. ते बिघडलेलं असेल तर महागातला महाग स्टोव्हही खोलीतच धूर सोडणार.

ज्यांच्या घरी आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता त्यांना यामागचं तत्त्व वेगळं सांगायला नको. बंबाच्या पोटातली नळी तापली की खालचा जाळ स्वतःच हवा ओढू लागतो, फुंकणी बाजूला ठेवता येते. गरम हवा हलकी, बाहेरची थंड हवा जड. नळीतल्या हलक्या हवेला ती जड हवा खालून वर ढकलते. घराच्या धुराड्यात हाच खेळ मोठ्या उंचीवर चालतो आणि त्याचं गणित कागदावर मांडता येतं. बाहेर ५ अंश सेल्सियस तापमान आहे, धुराडं ६ मीटर उंच आहे आणि आतल्या धुराचं सरासरी तापमान १५० अंश आहे असं धरा. ओढ निघते सुमारे २५ पास्कल. बहुतेक स्टोव्हना नीट जळायला १२ पास्कलच्या आसपास ओढ लागते, म्हणजे पाण्याच्या जेमतेम सव्वा मिलिमीटर थराचा भार. आता तोच धूर वर जाता जाता थंड होऊन सरासरी ४० अंशांवर आला असं समजा. ओढ उरते आठेक पास्कल. दार उघडलं की धूर खोलीत येतो, काच काळी पडते आणि घरमालक स्टोव्हला दोष देतो. तेव्हा धुराड्याच्या तयारीचा अर्थ एवढाच: धूर वरच्या टोकापर्यंत गरम ठेवायचा आणि वाटेत कुठेही गळू द्यायचा नाही.

शंभर वर्षं शेकोटी पेटत होती, तेव्हा धुराडं चांगलंच असणार, असा बिनतोड वाटणारा युक्तिवाद इथे केला जातो. तो फसवा आहे. उघडी शेकोटी विलक्षण उधळी असते. लाकडातली बहुतेक उष्णता खोलीतल्या हवेसकट धुराड्यातून निघून जाते, खोलीच्या वाट्याला पाव हिस्सा आला तरी पुष्कळ. या उधळपट्टीमुळेच जुनं, रुंद, विटांचं धुराडं तापलेलं राहायचं. आजचा चांगला स्टोव्ह पाऊण हिश्शाहून जास्त उष्णता खोलीत ठेवतो आणि हवा मोजूनमापून घेतो. म्हणजे धुराड्यात जाणारा धूर आधीच कमी, त्यात कमी गरम. व्हिक्टोरियन, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, घरातला धूरमार्ग साधारण नऊ इंच बाय नऊ इंचांचा, म्हणजे ८१ चौरस इंचांचा. स्टोव्हला लागणारा सहा इंच व्यासाचा गोल नळ अवघ्या २८ चौरस इंचांचा. त्या प्रशस्त, थंड विवरात स्टोव्हचा धूर रेंगाळतो, भिंतींना टेकतो आणि गारठतो.

गारठलेल्या धुरातून काय बाहेर पडतं हे पाहण्यासारखं आहे. एक किलो लाकूड, तेही वीस टक्केच ओलावा असलेलं, जाळलं तरी अर्ध्या लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने वर जातं. थोडं लाकडात मुरलेलं, बाकीचं जळताना लाकडातल्या हायड्रोजनपासून नव्याने तयार झालेलं. या वाफेबरोबर न जळलेले तेलकट, आम्लधर्मी पदार्थ असतात. थंड भिंतीवर हे सगळं एकत्र बसून क्रिओसोट नावाचा डांबरासारखा थर तयार होतो. तो विटांत मुरतो, वरच्या मजल्याच्या भिंतीवर तपकिरी डाग होऊन उमटतो. जाड झाला की पेटही घेतो.

आकाराचा हा मुद्दा नवा नाही. अमेरिकेत जन्मलेला आणि बव्हेरियात सरदारकी मिळवलेला काउंट रमफर्ड याने १७९६ मध्ये शेकोट्यांवर एक निबंध लिहिला आणि लंडनकरांच्या शेकोट्या दुरुस्त करून दाखवल्या. धुराड्याचा घसा अरुंद करा, शेकोटीच्या बाजूच्या भिंती तिरक्या करा, असं त्याचं सांगणं होतं. मोठं भोक म्हणजे जास्त धूर बाहेर, हा समज त्याने सव्वादोनशे वर्षांपूर्वी खोडून काढला. समज अजून जिवंत आहे ही गोष्ट वेगळी.

प्रत्यक्ष कामाला लागायचं तर पहिला माणूस बोलवायचा तो धुराडी साफ करणारा. गवंडी नंतर. कुणालाही बोलावण्याआधी बाहेर उभं राहून छपरावरची भाजक्या मातीची नळकांडी मोजावीत. एका धुराड्यात चार-सहा स्वतंत्र धूरमार्ग असतात, दर शेकोटीला एक; तुमच्या शेकोटीचा मार्ग नेमका कुठल्या नळकांड्यातून बाहेर पडतो हे पक्कं ठाऊक असायला हवं. खालच्या मजल्याचा मार्ग वरच्या शेकोटीला वळसा घालून जातो, त्यामुळे त्याला बाक असतो आणि सगळा कचरा त्या बाकावर साचतो. उत्तर समुद्रातला गॅस घरोघरी पोचल्यावर, १९७० च्या दशकात, हजारो शेकोट्या विटा लावून बंद केल्या गेल्या. तेव्हापासूनची काजळी, पडलेला चुना, विटांचे तुकडे आणि पक्ष्यांची घरटी आत तशीच आहेत. जॅकडॉ हा कावळ्याच्या कुळातला पक्षी यात पटाईत. तो वरून काटक्या टाकत राहतो. एखादी आडवी अडकली की तिच्यावर रचत जातो आणि कित्येक फूट उंचीचं बूच तयार होतं. घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर हात लावता येत नाही, १९८१ च्या वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहे.

आज हे काम लवचीक दांड्यांचा ब्रश आणि व्हॅक्यूम यांनी होतं. एके काळी ते मुलं करत. नऊ इंचांच्या चौकोनात शिरून गुडघे आणि कोपरांच्या जोरावर वर चढणारी सहा-सात वर्षांची मुलं. या मुलांना पुढे मोठेपणी होणाऱ्या अंडकोशाच्या त्वचेच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी आहे, हे पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्ये लिहून ठेवलं. व्यवसायातून होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली नोंद मानली जाते. मुलांना धुराड्यात चढवण्याविरुद्ध १७८८ मध्ये कायदा झाला, १८४० मध्ये झाला, १८६४ मध्ये झाला आणि तिन्ही कागदावर राहिले. अखेर १८७५ मध्ये केंब्रिजजवळच्या फुलबोर्न इथल्या मनोरुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा अडकून मेला आणि त्याच वर्षी परवान्याची सक्ती करणारा कायदा आला. घराचं धुराडं १८७५ च्या आधीचं असेल तर त्यातून कुणीतरी पोर वर चढलेलं असण्याची शक्यता आहे.

साफसफाईनंतर धुराची चाचणी. धुराड्याला खालून ऊब द्यायची, मग भरपूर धूर सोडणारी गोळी पेटवायची, वरचं आणि खालचं तोंड बंद करायचं आणि घरभर फिरायचं. वरच्या झोपायच्या खोलीत, पोटमाळ्यावर, आणि चाळीसारखी सलग घरं असतील तर शेजाऱ्याकडेही. चाचणीतला हा भाग लोकांना अवघड वाटतो, कारण शेजाऱ्याची ओळख नसते. पण दोन धूरमार्गांमध्ये फक्त एका विटेच्या रुंदीची भिंत असते आणि जुन्या घरात ती जागोजाग ढासळलेली असते. तुमच्या स्टोव्हमधला कार्बन मोनॉक्साइड शेजारच्या झोपलेल्या मुलाच्या खोलीत जाऊ शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो.

धुराड्याला आतून जो गिलावा असे त्याची कृती आपल्याला ओळखीची वाटेल: चुना, वाळू आणि गाईचं शेण. शेणातल्या तंतूंमुळे गिलाव्याला तडे कमी जात. शतकभर कोळशाच्या धुरातल्या गंधकाने तो खाल्लेला असतो आणि ब्रश फिरवला की पोपडे खाली येतात. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर बांधलेल्या घरांत गिलाव्याऐवजी भाजक्या मातीचे नळ बसवलेले सापडतात. तिथे एक जुना घोटाळा तपासावा लागतो. या नळांच्या एका टोकाला खोबण असते आणि ती वर यायला हवी, म्हणजे ओघळणारं पाणी नळाच्या आतच राहतं. कित्येक गवंड्यांनी ते उलटे बसवले. मग प्रत्येक सांध्यातून काळं पाणी विटांत झिरपतं.

चाचणीत धुराडं धड निघालं, आकार जुळला, तर कायद्याने नवा नळ घालायची सक्ती नाही. तरी व्हिक्टोरियन घरात स्टोव्ह बसवणार असाल तर तो घालावाच, असं माझं मत आहे. त्यातल्या खर्चाची बचत हीच सगळ्यांत महागात पडते. सर्वांत जास्त वापरला जातो तो स्टेनलेस पोलादाचा लवचीक नळ: बाहेरून पन्हाळीदार, आतून गुळगुळीत, असा दुपदरी. गॅसच्या शेकोटीसाठी पूर्वी एकेरी पत्र्याचा नळ घातलेला असेल तर तो लाकडाला चालत नाही, काढून टाकावा लागतो. पोलादाच्या दोन प्रती मिळतात, ३१६ आणि ९०४. दुसरी महाग, पण आम्लाला जास्त टिकते. कधीमधी कोळशासारखं इंधन जाळायचं असेल किंवा स्टोव्ह दिवसरात्र चालणार असेल तर तीच घ्यावी. नळावर बाण छापलेले असतात. ते धुराच्या दिशेने, म्हणजे वर, रोखलेले हवेत. उलटा बसला तर आतल्या पदराच्या कडांवर डांबर अडकतं.

नळ वरून खाली सोडतात. टोकाला शंकूच्या आकाराचं टोपण, त्याला दोर. छपरावरचा माणूस सोडतो आणि खालचा ओढतो. बाकाशी अडकला की दोघांच्या संयमाची परीक्षा. यासाठी मचाण बांधावी लागते आणि अनेकदा मचाणीचं भाडं नळाच्या किमतीशी स्पर्धा करतं. म्हणून मचाण उभी असतानाच छपरावरची बाकी कामं उरकून घेण्यात शहाणपण असतं: नळकांड्यांच्या बुडाचा फुटलेला सिमेंटचा थर, विटांच्या सांध्यातला गेलेला चुना, धुराडं आणि कौलं जिथे भेटतात तिथली शिशाची पट्टी. नळ आणि विटा यांच्यातल्या पोकळीत वर्मिक्युलाइटचे हलके दाणे ओततात, त्यामुळे धूर गरम राहतो. धुराड्याचा काही भाग बाहेरच्या भिंतीवर उघड्यावर असेल तर हे दाणे वगळू नयेत. नळाचा व्यास साधारण १५० मिलिमीटर; कमी धूर करणाऱ्या मान्यताप्राप्त स्टोव्हला १२५ चालतो. स्टोव्हच्या डोक्यापासून वरच्या तोंडापर्यंत साडेचार मीटर तरी उंची असावी. आढ्याजवळचं धुराडं आढ्यापेक्षा किमान ६०० मिलिमीटर वर गेलेलं असावं, नाहीतर वारा छपरावरून उलटून धूर खाली ढकलतो. तोंडावर पावसाची टोपी आणि पक्ष्यांसाठी जाळी. जाळी फार बारीक नको, ती काजळीने बुजते.

खालच्या बाजूला काम धुळीचं. फळी आणि विटा काढल्या की मूळ कमानीची जागा उघडी होते. जुन्या गॅस शेकोटीमागचा राखाडी पत्रा किंवा दोर ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. शंका आली की काम थांबवून तपासून घ्यावं, हातोडा चालवू नये. धुराड्याचा खालचा घसा धातूच्या पत्र्याने बंद करतात आणि त्यातून नळ खाली घेतात, नाहीतर खोलीतली सगळी ऊब नळाच्या बाजूने वर पळते. स्टोव्ह ते पत्रा या उघड्या नळापासून जळाऊ वस्तू नळाच्या व्यासाच्या तिप्पट अंतरावर हव्यात. १२५ च्या नळाला ३७५ मिलिमीटर. लोकांना हौस असते ती नेमकी जुन्या ओक लाकडाच्या आडव्या तुळईची. ती दिसते छान, अंतर मात्र मोजून घ्यावं. स्टोव्हखालची फरशी किती जाड हवी हे स्टोव्हवरच ठरतं. त्याच्यामुळे फरशीचं तापमान १०० अंशांवर जात नसल्याचं प्रमाणपत्र असेल तर १२ मिलिमीटरची फरशी पुरते, नसेल तर १२५ मिलिमीटर जाडीचा पक्का ओटा लागतो.

हवेचा विषय बहुतेकजण विसरतात. ओंडके जाळायला लागणारी हवा खोलीतूनच येते. पाच किलोवॅटपर्यंतच्या स्टोव्हला जुन्या घराच्या फटी पुरतात. त्यावर दर किलोवॅटला ५५० चौरस मिलिमीटरची कायम उघडी जाळी भिंतीत हवी. नव्या, घट्ट बांधलेल्या घरात छोट्या स्टोव्हलाही ती लागते. शिवाय स्वयंपाकघरात ताकदीचा पंखा असेल तर तो स्टोव्हपेक्षा जोरात ओढतो आणि धूर धुराड्यातून खाली येतो. फोडणीच्या वासामुळे आपल्या घरांत तो पंखा जोरातच चालतो. दोन्ही एकदम चालू ठेवून चाचणी करायला सांगा.

इंग्लंड-वेल्समध्ये हे काम बांधकाम नियमांच्या कक्षेत येतं. तिथल्या ‘अप्रूव्हड डॉक्युमेंट जे’मध्ये वरची मापं दिलेली आहेत. हेटाससारख्या संस्थेकडे नोंदणी असलेला कारागीर स्वतः प्रमाणपत्र देऊ शकतो. नाहीतर नगरपालिकेला आधी कळवून तपासणी करून घ्यावी लागते. धुराड्याची माहिती लिहिलेली एक पाटी घरात कायमची लावायची असते. स्टोव्हपासून एक ते तीन मीटरवर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारं यंत्र लावणं २०१० पासून बंधनकारक आहे. कागद नीट ठेवावेत. घर विकताना वकील तेच मागतो, आणि आग लागली तर विमा कंपनीही.

इतकं करूनही धुराडं टिकेल की नाही हे जळणावर ठरतं. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकतं. फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा लागेल असं रचून वर्ष-दोन वर्षं ठेवलं की ते वीस टक्क्यांच्या खाली येतं. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकलं जाणारं लाकूड वीस टक्क्यांच्या आत सुकवलेलंच असावं लागतं. ओलावा मोजायचं यंत्र स्वस्तात मिळतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर ते टोचावं. रात्रभर निखारे राहावेत म्हणून हवा बंद करून स्टोव्ह धुमसत ठेवण्याची सवय धुराड्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. वर्षातून निदान एकदा, रोज जाळत असाल तर दोनदा, साफसफाई हवी. धुराड्यातून आगगाडीसारखा घोंगावता आवाज आला तर आतलं डांबर पेटलंय असं समजावं. हवेची झडप बंद करायची, घराबाहेर पडायचं आणि ९९९ ला फोन करायचा. पुन्हा पेटवण्याआधी नळाची तपासणी सक्तीची समजा.

देखभालीचा मुद्दा आपल्याकडेही अनुभवाला आलेला आहे. १९८३ पासून सरकारने निर्धूर चुलींची राष्ट्रीय मोहीम चालवली, त्यात महाराष्ट्रातही नळ बसवलेल्या चुली घरोघरी गेल्या. पुढे ओडिशात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थतज्ज्ञांनी अशाच नळाच्या चुलींचा काही वर्षं मागोवा घेतला. पहिल्या वर्षी श्वासातून आत जाणारा धूर कमी झाला, नंतर फरक पुसला गेला, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची देखभाल झाली नाही. बसवणाऱ्याचा उत्साह एका दिवसाचा, काजळी रोजची.

एक प्रश्न उरतो, आणि तो दुकानदार विचारणार नाही. मुळात हे करावं का? लंडनवर डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस कोळशाच्या धुराचं जे धुकं साचलं त्यात हजारो माणसं मेली, आणि १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने शहरांत धूरबंदीचे विभाग आखले. ते आजही आहेत. तिथे लाकडासाठी फक्त मान्यताप्राप्त स्टोव्ह चालतात आणि इंग्लंडमध्ये धुराड्यातून धूर दिसला तर १७५ ते ३०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. उत्तम स्टोव्हही सूक्ष्म कण सोडतो, गॅसच्या बॉयलरपेक्षा कितीतरी जास्त. वेल्सच्या किंवा स्कॉटलंडच्या एखाद्या खेड्यात, जिथे गॅसची नळी पोचलेली नाही, वादळात वीज दोन-दोन दिवस जाते आणि आवारातच लाकूड आहे, तिथे स्टोव्ह ही गरज आहे आणि धुराड्यावर केलेला खर्च सार्थकी लागतो. दाट वस्तीत, घर आधीच उबदार असताना, केवळ ज्वाळा पाहायला तो बसवणं मला पटत नाही.

तरी बसवायचंच ठरलं असेल तर ऑक्टोबरची थंडी पडायची वाट पाहू नका. त्या महिन्यात सगळ्यांनाच स्टोव्ह आठवतो आणि चांगल्या कारागिराची तारीख मिळत नाही. जॅकडॉची पिल्लं उडून गेली की भर उन्हाळ्यात धुराडं साफ करून घ्या, धुराची चाचणी करा, तिचा निकाल लेखी मागा, आणि तो हातात आल्यावरच स्टोव्हच्या दुकानात जा.